जुना सायरन बंबाचा की कारखान्याचा? ओळख आणि किंमत

आर्वी तालुक्यातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बंद पडलेल्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या गोदामातील सामान त्यांनी हर्रासीत एकगठ्ठा घेतले. त्यात लाल रंग दिलेला, पुढे जाळी असलेला एक विजेवरचा सायरन, तिपाईवर बसवलेला हाताने फिरवायचा एक भोंगा आणि तुटक्या कडीची एक पिवळ्या धातूची घंटा निघाली. कबाडी म्हणतो की तिन्ही वस्तू जुन्या आगीच्या बंबावरच्या आहेत, आणि भाव मात्र किलोवर सांगतो. या वस्तू खरोखर कशाच्या आहेत, कोणत्या काळातल्या आहेत, विकण्याआधी घासूनपुसून चकचकीत कराव्यात काय आणि किंमत किती सांगावी, असे त्यांनी विचारले आहे.

सर्वांत आधी एक विनंती करतो की, हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत एकही वस्तू घासू नये, एकही स्क्रू खोलू नये आणि सायरनला बॅटरी तर मुळीच जोडू नये. जुन्या सायरनची किंमत धातूच्या वजनात फार थोडी असते. ती असते नावाच्या पट्टीत, मूळ ब्रॅकेटमध्ये, मूळ रंगात आणि त्यासोबतच्या कागदात. आणि आपल्याकडे उत्साहाच्या भरात सर्वांत आधी नेमक्या याच चार गोष्टी नाहीशा होतात.

विदर्भात ‘बंबावरचा सायरन’ म्हणून जे विकायला येते, त्यातले बरेचसे बंबावरचे नसते. कापसाच्या या मुलखात जिनिंग, प्रेसिंग, सूतगिरण्या आणि कापडगिरण्या यांचे जाळे मोठे होते, आणि पाळी बदलल्याची वर्दी देण्यासाठी प्रत्येक ठिकाणी भोंगा असे. कोळशाच्या खाणी आणि दारूगोळ्याचे कारखाने यांचे भोंगे निराळेच. १९६५ आणि १९७१ च्या युद्धकाळात नागरी संरक्षणासाठी हाताने फिरवायचे भोंगेही ठिकठिकाणी दिले गेले होते. त्या मानाने नगर परिषदांकडे बंब मोजकेच होते, आणि त्यांतल्या जुन्या बंबांवर कित्येकदा सायरन नसून नुसती घंटाच असे. त्यामुळे वाहनावरचा अस्सल सायरन ही तुलनेने दुर्मीळ वस्तू आहे, आणि म्हणूनच विकणारा प्रत्येक भोंग्याला बंबावर चढवतो.

विजेवरच्या सायरनची रचना साधी असते. मोटरच्या आसावर झरोके असलेले एक चक्र फिरते आणि त्याच्याभोवती तितकेच झरोके असलेले एक स्थिर कडे असते. चक्र पंख्यासारखी हवा ओढून बाहेर फेकते, पण झरोके समोरासमोर येतील तेव्हाच ती सुटते आणि आड येतील तेव्हा अडते. हवेच्या या तुकड्यांमुळे सूर उमटतो. चार्ल्स कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये याच तत्त्वावरचे यंत्र तयार करून त्याला सायरन हे नाव दिले. झरोक्यांची संख्या गुणिले एका सेकंदातील फेरे, एवढाच सुराच्या वारंवारतेचा हिशेब आहे: आठ झरोक्यांचे चक्र मिनिटाला ४५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ७५ फेरे होतात आणि सूर ६०० हर्ट्झचा लागतो. हा हिशेब ओळख पटवताना पुढे उपयोगी पडतो, म्हणून झरोके आताच मोजून लिहून ठेवावेत.

वाहनाचा सायरन आणि कारखान्याचा भोंगा यांतला फरक मी आवाजावरून किंवा रंगावरून ठरवत नाही, तर वायर जिथे जोडतात ते बोल्ट पाहून ठरवतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. एवढ्या शक्तीसाठी १२ व्होल्टवर, वाया जाणारी वीज सोडूनही, ६२ अँपिअर प्रवाह लागतो, आणि तेवढ्याच शक्तीला २३० व्होल्टवर जेमतेम सव्वातीन अँपिअर पुरतात. म्हणून वाहनाच्या सायरनला करंगळीएवढे जाड तांब्याचे बोल्ट आणि बॅटरीला असते तशी जाड केबल असते, तर कारखान्याच्या एक फेजच्या भोंग्याला पंख्याला लावतो तशी बारीक वायर आणि तीन फेजच्या भोंग्याला तीन किंवा सहा टोकांची पेटी असते. आपण पाठवलेल्या छायाचित्रात लाल सायरनच्या मागे दोन जाड बोल्ट दिसतात, कार्बन ब्रशची दोन झाकणे दिसतात आणि खाली बंपरवर किंवा मडगार्डवर बसेल असा वाकवलेला पाय दिसतो. या तिन्ही खुणा एकत्र आल्या म्हणजे तो वाहनावरचाच आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही. तो बंबाचा, रुग्णवाहिकेचा की पोलिसांच्या जीपचा, हे मात्र नुसत्या सायरनवरून सांगता येत नाही. तिथे कागदच लागतो.

आता त्याच्या बुडाशी, लाल रंगाखाली, एक आयताकृती उंचवटा दिसतो. ती नावाची पट्टी आहे आणि सगळी मदार तिच्यावर आहे. सॅंडपेपर, लोखंडी ब्रश किंवा रंग काढण्याचे रसायन यांपैकी काहीही तिथे लावू नये. कोमट पाणी आणि सौम्य साबण यांनी मळ काढून, वरचा रंग लाकडी काडीने किंवा नखाने हळूहळू सोडवावा. जुना रंग शिशाचा असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा खरवडू नये आणि हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये. अक्षरे अर्धवट दिसू लागली की टॉर्चचा उजेड आडवा टाकून छायाचित्र काढावे. उघड्या डोळ्यांना न दिसणारे ठसे त्यात वाचता येतात.

पट्टीवरून काळ काढताना कारखान्याच्या नावापेक्षा पत्त्याचा उपयोग अधिक होतो. पिन कोड आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्यामुळे ‘बॉम्बे ४’ किंवा ‘कलकत्ता १३’ असा एक-दोन आकड्यांचा विभाग असेल तर पट्टी बहुधा त्याआधीची आहे, सहा आकडे असतील तर नंतरची. मुंबई हे नाव १९९५ मध्ये, चेन्नई १९९६ मध्ये आणि कोलकाता २००१ मध्ये अधिकृत झाले, तेव्हा ही नावे इंग्रजी पट्टीवर असतील तर वस्तू जुनी म्हणून विकत घेऊ नये. वारंवारतेसाठी ‘हर्ट्झ’ हे एकक १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारले गेले आणि रुळायला आणखी काही वर्षे गेली. त्यामुळे मोटरवर ‘सायकल्स’ लिहिलेले असणे ही जुनेपणाची बऱ्यापैकी चांगली खूण आहे, अर्थात ती कारखान्याच्या भोंग्यांना लागू पडते, बॅटरीवरच्या सायरनला नाही. एका खुणेने मात्र पुष्कळ लोक फसतात. भारतीय मानक संस्था १ एप्रिल १९८७ रोजी भारतीय मानक ब्यूरो झाली हे खरे. पण ‘आयएसआय’ हा शिक्का तोच चालू राहिला आणि आजही छापला जातो, म्हणून त्या शिक्क्यावरून वस्तू १९८७ पूर्वीची ठरत नाही.

विदर्भापुरती आणखी एक सोय आहे, जी मुंबई-पुण्याच्या संग्राहकांना नसते. सरकारी सामानावर खात्याचे नाव रंगाने किंवा ठशाने टाकण्याची पद्धत होती, आणि आपला प्रदेश ज्या राज्यात होता त्याचे नाव थोड्या थोड्या काळाने बदलत गेले. १९५० पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाड, तेथून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेला मध्य प्रदेश, मग १ मे १९६० पर्यंत द्विभाषिक मुंबई राज्य आणि त्यानंतर महाराष्ट्र, असा हा क्रम आहे. ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला, जिथे रंगाचा हात सहसा पोहोचत नाही, तिथे ‘सी.पी.’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) अशी अक्षरे सापडली तर आपल्याला काळ सात-आठ दशके मागे नेणारा पुरावा मिळाला असे समजावे. मुंबई राज्याचा ठसा तर त्याहून नेमका, कारण ती मुदत चार वर्षांचीही नव्हती.

पट्टी गेलेली असेल तर नटबोल्टांकडे वळावे. मेट्रिक पाना नटावर नीट बसत नसेल आणि व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचा, पाना अचूक बसत असेल, तर वस्तू ब्रिटिश आहे किंवा ब्रिटिश पद्धतीने काम करणाऱ्या जुन्या भारतीय कारखान्यातली आहे. इंची पाना बसतो, पण आटे अमेरिकन मापाचे आहेत असे दिसले तर अमेरिकन बनावटीचा विचार करावा. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या डिस्पोजलमधून अमेरिकन जीपा आणि त्यांचे सामान आपल्याकडे खूप फिरले, त्यामुळे ही शक्यता दिसते तितकी दूरची नाही. अमेरिकेत शिकागोची फेडरल, रॉचेस्टरची स्टर्लिंग आणि लॉस एंजेलिसची बी अँड एम ही वाहनांच्या सायरनमधील मोठी नावे. फेडरलच्या पट्टीवर ‘फेडरल इलेक्ट्रिक’ असेल तर ती जुनी, ‘फेडरल साइन अँड सिग्नल’ असेल तर साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची आणि नुसते ‘फेडरल सिग्नल’ असेल तर त्यानंतरची. त्यांचा क्यू मालिकेतला मोठा सायरन १२ व्होल्टवर सुमारे १०० अँपिअर ओढतो. तो अजूनही बनतो, म्हणून केवळ आकार जुना दिसतो एवढ्यावर त्याला पुरातन म्हणू नये. इंग्लंडमध्ये मात्र १९६० च्या दशकापर्यंत बंबांवर घंटाच चाले आणि पुढे दोन सुरांचे हॉर्न आले, त्यामुळे मेरीवेदर किंवा डेनिस यांच्या जुन्या ब्रिटिश बंबाबरोबर ‘मूळचा सायरन’ कोणी दाखवू लागला तर तो नंतर बसवलेला नाही ना, हे विचारावे.

आपला हाताने फिरवायचा भोंगा बंबाचा नाही. तिपाई, दात्यांची पेटी आणि लाकडी मूठ ही हवाई हल्ल्याची सूचना देणाऱ्या नागरी संरक्षणाच्या भोंग्याची रचना आहे, आणि तो गिरणीत असण्यात काहीच नवल नाही, कारण आगीच्या सूचनेसाठीही गिरण्या तो ठेवत असत. दोन सुरांचा असेल तर तो अधिक मोलाचा. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश घडणीच्या दुहेरी भोंग्यांत एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला १२ झरोके असतात. ५ ला ६ हे प्रमाण म्हणजे आपला षड्ज आणि कोमल गंधार, आणि त्या भोंग्याचा जो काळजात धस्स करणारा आवाज आहे तो या जोडीचा आहे. कोण्या गवयाला ऐकवल्यास तो झरोके न मोजताही सांगेल. दाते झिजलेले नसतील आणि मूठ मूळची असेल तर अशा भोंग्याला ग्राहक लवकर मिळतो, कारण त्याला ना बॅटरी लागते ना दुरुस्ती. मात्र तो गावात गंमत म्हणून वाजवू नये. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला तेव्हापासून हा आवाज लोक पुन्हा गांभीर्याने घेऊ लागले आहेत.

घंटेच्या बाबतीत मला सर्वांत जास्त सावध राहावेसे वाटते. जुन्या बंबाची चांगली घंटा कांशाची असते, म्हणजे साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील. तिच्यावर लाकडी मूठ हलकेच मारली तर नाद बराच वेळ रेंगाळतो. साध्या पितळेचा नाद लवकर विरतो. भंडाऱ्याच्या एखाद्या जुन्या कासाराला दाखवली तर तो ओरखडाही न काढता धातू सांगेल, आणि त्यासाठी लागणारा प्रवासखर्च मी वाया गेला असे मानणार नाही. सजावटीच्या नकली घंटांचा बाजारात सुळसुळाट आहे. ‘टायटॅनिक १९१२’ असे कोरलेल्या घंटा तर इतक्या आहेत की त्यांनीच एखादे जहाज बुडावे. नकली घंटेची अक्षरे कडांना बोथट असतात, आतली बाजू बाहेरच्याइतकीच नवी दिसते आणि लोळी, म्हणजे आतला लोलक, जिथे आदळते तिथे झीज नसते. अस्सल घंटेत लोळीच्या माऱ्याने आतल्या कडेला एकाच जागी किंवा समोरासमोर दोन जागी खोलगट चकाकी आलेली असते, आणि ती चकाकी कोणी खोटी करत बसत नाही. आपल्या घंटेची कडी तुटलेली आहे, ती वेल्डिंग करून जोडू नये. कांसे उष्णतेने तडकते, आणि तडकलेल्या घंटेची किंमत थेट किलोवर येते.

आता लाल सायरन चालू करण्याविषयी लिहितो, कारण ग्राहक ‘वाजतो काय?’ हाच प्रश्न आधी विचारेल. प्रथम पुढची जाळी न काढता चक्र बोटाने फिरवून पाहावे. आपल्याकडे वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सायरनमध्ये कुंभारीण माशीने मातीची घरे केलेली असतात. चक्राला एका बाजूने मातीचा गोळा चिकटलेला असताना मोटर सुरू केली तर तोल जाऊन बेअरिंग फुटते, प्रसंगी चक्रच तडकते. माती लाकडी काडीने आणि फुंकणीने काढावी, पाणी ओतू नये. वैदर्भी उन्हाळ्यात बेअरिंगमधले जुने ग्रीस सुकून मेणासारखे घट्ट झालेले असते; ते केरोसीनने विरघळवून नवे भरावे. आतल्या वायरीवर सुताचे किंवा तंतुमय वेष्टन असेल तर ते अॅस्बेस्टॉसचे असू शकते, म्हणून ते ओरबाडू नये आणि त्याची धूळ उडवू नये.

त्यानंतर व्होल्टेज. जुन्या जीपांना ६ व्होल्ट, पुष्कळ मोटारींना आणि हलक्या ट्रकांना १२ आणि मोठ्या डिझेल गाड्यांना २४ व्होल्टची व्यवस्था असे. पट्टी वाचता येईपर्यंत तो ६ व्होल्टचा आहे असेच धरून चालावे. बारा व्होल्टच्या सायरनला ६ व्होल्ट दिले तर तो रेंगाळत फिरेल, एवढेच. पण १२ व्होल्टच्या सायरनला ट्रकची २४ व्होल्टची बॅटरी लावली तर चक्राचा वेग मर्यादेबाहेर जाईल. या मोटरी सीरिज पद्धतीच्या, म्हणजे स्थिर आणि फिरत्या वेटोळ्यांतून एकच प्रवाह जाणाऱ्या असतात, त्यांना वेगाची स्वतःची अशी मर्यादा नसते, हवेचा भार हाच त्यांचा लगाम. म्हणूनच चक्र काढून नुसती मोटर ‘तपासण्याचा’ प्रकार कोणत्याही कारणाने करू नये. मधल्या वायरीत योग्य फ्यूज असावा, सायरन जमिनीशी घट्ट बांधलेला असावा, कानांत बोळे असावेत आणि पहिल्यांदा दोन सेकंदांहून अधिक वेळ वीज देऊ नये.

चक्र फिरते पण आवाज दबका येतो, अशी तक्रार रिवाइंडिंग करून आणलेल्या सायरनची हमखास असते. मिस्त्रीने फील्ड (स्थिर वेटोळे) आणि आर्मेचर (फिरते वेटोळे) यांची टोके आपसांत उलटी जोडलेली असतात, त्यामुळे चक्र उलटे फिरते आणि हवा नीट फेकत नाही. बॅटरीची टोके अदलाबदल करून हे सुधारत नाही, कारण सीरिज मोटरमध्ये दोन्ही चुंबकत्वे एकदमच उलटतात आणि दिशा तीच राहते. फक्त फील्डची टोके बदलावी लागतात. हे ठाऊक असेल तर ‘खराब’ म्हणून टाकलेला सायरन स्वस्तात घेता येतो. मात्र मूळ वाइंडिंग शाबूत असेल तर मी रिवाइंडिंगचा सल्ला देणार नाही. न वाजणारा पण अस्पर्श सायरन हा वाजणाऱ्या पण आतून नव्या केलेल्या सायरनपेक्षा जाणकाराला अधिक प्रिय असतो.

किमतीचा हिशेब मी तळापासून वर करत जातो. तळ म्हणजे भंगाराचा भाव: बीड (ओतीव लोखंड), ॲल्युमिनियम, तांबे आणि पितळ यांचे वजन वेगवेगळे अंदाजून त्या दिवशीचा नागपूरच्या इतवारी बाजारातला दर लावावा. कबाडी सगळे लोखंडाच्या भावात मोजतो आणि आतले तांबे त्याचा नफा असतो, म्हणून हा आकडा काढल्याशिवाय बोलणीच करू नयेत. घंटा कांशाची निघाली तर तिचे सगळेच वजन कांशाचे. त्याच्यावरचा थर उपयोगाचा असतो: जुनी जीप किंवा बंब मूळ रूपात आणणारे लोक, चित्रीकरणासाठी सामान भाड्याने देणारे आणि रस्त्यावरच्या हॉटेलांची सजावट करणारे. सजावटवाल्याला पट्टीशी देणेघेणे नसते, त्याला आकार आणि चकाकी हवी असते. तो भंगाराच्या काही पट देतो, पण तिथेच थांबतो. सर्वांत वर संग्राहक. तो मूळ रंगाच्या एका कोपऱ्यासाठी आणि वाचता येणाऱ्या पट्टीसाठी पैसे मोजतो. माझ्या अंदाजाने पट्टी नसलेल्या सायरनची किंमत त्याच्या लेखी निम्म्याहून खाली येते, आणि ब्रॅकेटही नसेल तर तो पुन्हा सजावटीच्या थरात घसरतो. अमेरिकेतल्या लिलावांत जुन्या फेडरल सायरनला शेकडो डॉलर मिळतात हे खरे आहे, पण तो आकडा रुपयांत बदलून आर्वीत मागू नये. तिथे त्याच बनावटीचे जुने बंब जपणारे लोक आहेत आणि त्यांना सुटे भाग लागतात. इथे ती गरजच नाही. उलट इथल्या नगर परिषदेचा ठसा असलेला सायरन तिथे कोणाला नको असेल, आणि इथल्या माणसाला तोच हवा असेल.

म्हणून हर्रासीची पावती, सामानाची यादी आणि गोदामात वस्तू जिथे पडल्या होत्या तिथली छायाचित्रे एकत्र ठेवावीत. गिरणीतल्या एखाद्या निवृत्त फिटरकडून हा सायरन कोणत्या गाडीवर होता हे लिहून, सही घेऊन ठेवता आले तर उत्तम. अनेक गिरण्यांचा स्वतःचा लहान बंब किंवा ट्रेलरवरचा पंप असे, तेव्हा तशी माहिती निघणे अशक्य नाही. नागपूरला १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय असल्यामुळे तिथे शिकलेले जुने अधिकारी विदर्भात ठिकठिकाणी स्थायिक आहेत, आणि बंब ओळखण्यात त्यांच्याइतका जाणकार सहसा सापडत नाही. १४ एप्रिलला, म्हणजे १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटाच्या स्मृतिदिनी, अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. त्या दिवसांत केंद्रांवर जुने सामान मांडतात आणि अशी माणसे एकाच ठिकाणी भेटतात.

विकताना कायद्याच्या दोन बाबी पाहाव्यात. खरेदीदार सायरन स्वतःच्या खासगी गाडीवर लावणार असेल तर त्याला आधीच सांगावे की केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ प्रमाणे कर्कश किंवा भयसूचक आवाजाचे साधन सामान्य वाहनावर चालत नाही. ती मुभा रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशा वाहनांना नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेने आहे. प्रदर्शनातील जुन्या गाडीवर तो जोडणी न करता नुसता बसवता येतो. दुसरी बाब घंटेची. ती १०० वर्षांहून जुनी निघाली तर १९७२ च्या पुरावशेष व बहुमोल कलावस्तू अधिनियमाच्या कक्षेत येऊ शकते आणि तसे झाल्यास खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. म्हणून परदेशी ग्राहकाने कितीही मोठा आकडा सांगितला तरी वय ठरेपर्यंत त्याच्याकडून आगाऊ रक्कम घेऊ नये.

तिन्ही वस्तू एकाच ग्राहकाला एकगठ्ठा देऊ नयेत. हाताचा भोंगा आहे तसा आधी विकावा, त्याला वाट पाहण्याचे कारण नाही. घंटा कासाराला दाखवून झाल्यावर विकावी. लाल सायरन मात्र पट्टी वाचून होईपर्यंत घरीच, कोरड्या जागी, सुती कापडात गुंडाळून ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये बांधल्यास पावसाळ्यात आत दमट हवा कोंडून वाइंडिंगला बुरशी लागते.